बाजाराआधीचे गणित

२० एप्रिल २०२० रोजी अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा पिंपामागे उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. टाळेबंदीने तेलाचा खप आटला होता, ओक्लाहोमातल्या कुशिंगच्या साठवण-टाक्यांत जागा मिळेनाशी झाली होती, आणि ज्यांच्या हाती वायदा उरला होता ते तो कोणाच्या तरी गळ्यात घालण्यासाठी वर पैसे मोजत होते. जगाने ही बातमी नवल म्हणून वाचली. ऑप्शनची किंमत काढणाऱ्यांसमोर मात्र वेगळाच पेच होता. फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी १९७३ साली मांडलेल्या सूत्रात, आणि त्याच्या पठडीतल्या पुढच्या सूत्रांत, किमतीचा लॉगॅरिदम घ्यावा लागतो. ऋण संख्येला वास्तव संख्यांत लॉगॅरिदमच नसतो. दोन दिवसांनी शिकागोच्या सीएमई बाजाराच्या क्लिअरिंग विभागाने तेलाच्या ऑप्शनसाठी दुसरे गणित लावले. ते नवे नव्हते. लुई बाशलिए या फ्रेंच तरुणाने २९ मार्च १९०० रोजी पॅरिसमध्ये आपल्या प्रबंधात मांडलेले होते. बाशलिएने किमतीतला बदल बेरजेच्या रूपात धरला होता, त्यामुळे त्याच्या मांडणीत किंमत शून्याखाली उतरू शकते. पुढे पॉल सॅम्युएल्सन यांनी हा दोष मानला आणि १९६५ मध्ये बदल गुणाकाराच्या रूपात धरला, कारण शेअरची किंमत शून्याखाली जात नाही. एकशेवीस वर्षांनी तेलाच्या बाजाराला तोच दोष हवासा झाला.

पाठ केलेले सूत्र अशा दिवशी मुके होते. ते कोणत्या गृहीतकावर उभे आहे हे ज्याला ठाऊक असते, त्याला गृहीतक बदलून सगळी मांडणी पुन्हा करता येते. पदवीच्या वर्षांत गणिताचे कोणते विषय घ्यावेत, हा पुढील प्रकरणांचा प्रश्न वरवर वेळापत्रकाचा वाटतो, पण त्याच्या मुळाशी हा फरक आहे. फायनान्शियल इंजिनिअरिंगच्या मास्टर्सकडे डोळा ठेवून बसलेला विद्यार्थी विषयांच्या यादीवरून बोट फिरवतो तेव्हा ज्यांच्या नावात ‘फायनान्स’ आहे तिथे ते थांबते. मला वाटते ते पुढे सरकले पाहिजे. जे गणित पुढे घाईत, एकट्याने, नोकरीच्या धबडग्यात शिकता येत नाही, ते पदवीत शिकून घ्यावे. बाजाराची भाषा नंतर येते आणि लवकर येते. गणिताची सवय उशिरा आणि क्वचितच येते. या सवयीचे खोड आहे संभाव्यता. रिअल अ‍ॅनालिसिस आणि लिनियर अल्जिब्रा ही तिची मुळे.

या मास्टर्सचा इतिहासही हेच सांगतो. पॅरिसमध्ये निकोल एल कारुई यांनी १९९० साली संभाव्यता आणि वित्त यांचा जो अभ्यासक्रम सुरू केला, त्याने जगभरच्या बँकांना माणसे पुरवली. स्वतः एल कारुई संभाव्यतेच्या अभ्यासक होत्या. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा कॉम्प्युटेशनल फायनान्सचा अभ्यासक्रम १९९४ चा, बर्कलीचा २००१ चा. कार्नेगी मेलनचा अभ्यासक्रम सोळा महिन्यांचा, बर्कलीचा वर्षभराचा. वर्षभरात माणसाला ऑप्शन, रोखे, व्याजदर, जोखीम-मापन, प्रोग्रॅमिंग आणि नोकरीची शोधाशोध एवढे सगळे उरकायचे असते. पायाभूत गणित शिकवायला तिथे वेळ नसतो, आणि संस्था ते मान्य करतात, म्हणून ते आधीच मागतात. त्यांच्या अटींत साधारण हेच दिसते: अनेक चलांचे कॅल्क्युलस, लिनियर अल्जिब्रा, डिफरेन्शियल इक्वेशन्स, कॅल्क्युलसवर उभी असलेली प्रॉबॅबिलिटी, संख्याशास्त्र, न्यूमरिकल पद्धती आणि एखाद्या भाषेतले प्रोग्रॅमिंग. वित्तशास्त्राची पदवी त्या मागत नाहीत. ज्या गोष्टी आम्ही शिकवू त्या येऊ नयेत असे नाही, पण ज्या शिकवणार नाही त्या आल्याच पाहिजेत, असा हा सरळ हिशेब आहे.

‘कॅल्क्युलसवर उभी असलेली’ या शब्दांवर थोडे थांबायला हवे, कारण प्रॉबॅबिलिटी नावाचे दोन वेगळे विषय महाविद्यालयांतून शिकवले जातात. एकात फासे, पत्ते, रंगीत चेंडू आणि तयार सूत्रे असतात. दुसऱ्यात घनता-फलने, एकत्रित वितरणे, मध्यवर्ती सीमा प्रमेय, आणि सगळ्यांत मोलाची गोष्ट, सशर्त अपेक्षा असते: आजवर जे कळले आहे ते धरून उद्याबद्दलचा सर्वोत्तम अंदाज. ऑप्शनची किंमत म्हणजे शेवटी अशीच एक अपेक्षा आहे, पण आपण ज्या शक्यता खऱ्या मानतो त्यांवरची नव्हे. एक छोटे उदाहरण घेऊ. आज १०० रुपयांचा एक शेअर उद्या १२० होईल किंवा ९०. व्याज शून्य धरा. तो उद्या १०५ रुपयांना विकत घेण्याचा हक्क म्हणजे एक कॉल ऑप्शन. शेअर वर गेला तर त्याची कमाई १५ रुपये, खाली आला तर शून्य. त्याची आजची किंमत काय? बहुतेक जण विचारतात, वर जाण्याची शक्यता किती? त्याची गरजच पडत नाही. ४५ रुपये उसने घ्या, पदरचे ५ घाला आणि अर्धा शेअर घ्या. शेअर वर गेला तर अर्ध्याचे ६० होतील, उसने ४५ फेडून १५ उरतील. खाली आला तर अर्ध्याचे ४५ होतील, फेडून शून्य उरेल. ऑप्शनची तंतोतंत नक्कल ५ रुपयांत झाली. म्हणून किंमत ५, मग कोणाला तेजी वाटो की मंदी.

आता वर जाण्याची अशी शक्यता शोधा की जिच्या हिशेबाने शेअरची उद्याची सरासरी आजच्याच १०० वर येईल. ती एक-तृतीयांश निघते, आणि १५ चा एक-तृतीयांश पुन्हा ५. ही काल्पनिक शक्यता म्हणजेच या शास्त्राचा कणा आहे. जॉन कॉक्स, स्टीफन रॉस आणि मार्क रुबिनस्टीन यांनी १९७९ मध्ये हे दोन फांद्यांचे झाड मांडले. त्याच वर्षी मायकेल हॅरिसन आणि डेव्हिड क्रेप्स यांनी दाखवून दिले की फुकटचा नफा नसणे आणि अशी शक्यता-मांडणी असणे या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. ज्याने सशर्त अपेक्षा नीट पचवली आहे त्याला हे कळायला एक दुपार पुरते. ज्याने पचवलेली नाही तो ‘रिस्क-न्यूट्रल’ हा शब्द वर्षभर वापरत राहतो आणि मुलाखतीत पहिल्याच उपप्रश्नाला अडखळतो. चार वर्षांत एकच विषय मनापासून करायचा असेल तर तो हा, असे मी निःशंकपणे म्हणेन. तो सापडला की त्याच्या पाठोपाठ स्टोकॅस्टिक प्रोसेसेसचा एक पेपर, म्हणजे मार्कोव्ह साखळ्या, पॉइसाँ प्रक्रिया, यदृच्छ चाल, जमला तर जरूर घ्यावा.

सगळ्यांत जोरकस आक्षेप रिअल अ‍ॅनालिसिसवर येतो. बँकेच्या डेस्कवर बसून एप्सिलॉन-डेल्टा कोण लिहितो? कोणी लिहीत नाही, हे खरे आहे. तरीही हा विषय का घ्यावा, याचे उत्तर एका बेरजेत आहे. एका वर्षाचे हजार समान तुकडे करा. वर्षभरात एक एकक एकसारखी चढणारी गुळगुळीत रेषा प्रत्येक तुकड्यात एक-हजारांशाने चढते; या चढांचे वर्ग करून बेरीज केली तर ती एक-हजारांश येते. तुकडे दहा लाख केले तर एक-दशलक्षांश. बेरीज शून्याकडे जाते, म्हणूनच शाळेपासून आपण विकलनात वर्गाची पदे बिनधास्त सोडून देत आलो. आता त्या जागी ब्राउनियन गती ठेवा, म्हणजे किमतीची ती थरथरती वाट. तिच्या प्रत्येक तुकड्यातल्या हालचालीचा वर्ग सरासरीने एक-हजारांश असतो. हजारांची बेरीज एकाच्या आसपास. तुकडे दहा लाख केले तरी बेरीज एकाच्याच आसपास, आणि तिच्यातला चढउतार तुकडे वाढतील तसा घटत शून्याकडे जातो, म्हणजे बेरीज खरोखरच एकावर येऊन ठरते. जे पद आपण आयुष्यभर टाकून देत होतो ते इथे टाकता येत नाही. कियोशी इतो यांनी १९४० च्या दशकात, युद्धकाळाच्या जपानमध्ये, यावरून कॅल्क्युलसचे नवे नियम बांधले. त्यांच्यासमोर प्रश्न होता आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी मांडलेल्या यदृच्छ प्रक्रियांच्या वाटा नेमक्या कशा लिहायच्या हा. त्यांच्या सूत्रातले ते जादाचे पद आज जगातल्या प्रत्येक डेरिव्हेटिव्हच्या पुस्तकात आहे.

हे पद म्हणजे केवळ कागदावरचा बारकावा नव्हे. १०० रुपयांचा शेअर २० टक्के चढला आणि मग २० टक्के पडला तर १२० वरून ९६ वर येतो. दोन दिवसांची सरासरी शून्य टक्के, आणि खिशातून गेले चार रुपये. प्रत्येक पायरीला चढउताराच्या वर्गाचा अर्धा भाग, म्हणजे ०.०४ चा अर्धा, अशी दोन पायऱ्यांची वजावट. इतोंच्या सूत्रातले पद हेच. आता पुन्हा आक्षेपाकडे येऊ. वरची बेरीज ‘एकावर येऊन ठरते’ असे मी म्हटले. पण ठरते म्हणजे कोणत्या अर्थाने? प्रत्येक वाटेवर, की सरासरी-वर्गाच्या अर्थाने? सीमा आणि संकलन यांची अदलाबदल केव्हा चालते आणि केव्हा चालत नाही? हे प्रश्न विचारण्याची सवय रिअल अ‍ॅनालिसिसच्या वर्गात लागते, दुसरीकडे कुठे फारशी लागत नाही. त्या विषयाचे नेमके प्रमेय पुढे विसरले तरी चालते. सिद्धता वाचताना ‘ही अट कुठे वापरली?’ असे विचारणारा डोळा मात्र टिकतो, आणि एप्रिल २०२० च्या त्या सोमवारी लागतो तो हाच डोळा.

दुसरा आक्षेप अलीकडचा आहे आणि तरुणांच्या तोंडी जास्त ऐकू येतो: आता सगळे पायथॉन आणि मशीन लर्निंग आहे, जुन्या गणितात दोन वर्षे कशाला घालवायची? यातला अर्धा भाग मला मान्य आहे. प्रोग्रॅमिंग न येणारा विद्यार्थी या क्षेत्रात उभा राहू शकत नाही, आणि एका सुट्टीतला कोर्स म्हणजे प्रोग्रॅमिंग नव्हे. डेटा स्ट्रक्चर्सपर्यंतचे दोन पेपर, जमल्यास सी-प्लस-प्लससह, वेळापत्रकात बसवावेतच. उरलेल्या अर्ध्याला उत्तर मॅट्रिक्स देते. निफ्टी ५०० मधल्या पाचशे शेअरांचा एकमेकांशी असलेला संबंध मोजायचा तर सहविचरणाच्या मॅट्रिक्समध्ये १,२५,२५० वेगवेगळे आकडे भरावे लागतात. हाताशी वर्षभराची आकडेवारी, म्हणजे व्यवहाराचे जेमतेम २५० दिवस. लिनियर अल्जिब्रा शांतपणे सांगते की या मॅट्रिक्सची रँक २४९ च्या वर जाऊच शकत नाही. म्हणजे किमान २५१ स्वतंत्र दिशांनी असे पोर्टफोलिओ बांधता येतात ज्यांची जोखीम त्या आकडेवारीवर शून्य दिसते. संगणकाला कमीत कमी जोखमीचा पोर्टफोलिओ शोधायला सांगितले तर तो धावत जाऊन यांतलाच एक आणून देतो, आणि दुसऱ्याच आठवड्यात तो बुडायला लागतो. प्रोग्रॅममध्ये एकही चूक नसते. चूक रँकच्या प्रश्नात असते, आणि तो प्रश्न पायथॉनची लायब्ररी स्वतःहून विचारत नाही. मशीन लर्निंगमधली बरीचशी पथ्ये, मोजक्या घटकांवर सगळे आणून ठेवणे, आकडे आखडते घेणे, याच रोगावरची औषधे आहेत. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये पोर्टफोलिओचा सिद्धांत मांडला तेव्हापासून हा रोग त्याच्या बरोबरीने चालत आला आहे.

सगळे मोजक्या घटकांवर आणण्याच्या या कल्पनेसंदर्भात एक नाव घ्यायला आनंद वाटतो. दामोदर धर्मानंद कोसंबी मराठी वाचकाला इतिहासकार म्हणून ठाऊक आहेत. गोव्यात जन्मलेले हे गृहस्थ पेशाने गणिती होते आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना, १९४३ साली, त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. यदृच्छ फलन हे परस्परांना लंब अशा ठरावीक फलनांची बेरीज म्हणून लिहिता येते आणि यदृच्छपणा केवळ त्यांच्या गुणकांत राहतो, ही त्यातली कल्पना. कारहुनेन आणि लोएव्ह यांनी ती स्वतंत्रपणे नंतर मांडली, आणि बराच काळ ती त्या दोघांच्याच नावाने ओळखली गेली. आता अनेक ठिकाणी कोसंबींचेही नाव जोडले जाते. १९९१ मध्ये रॉबर्ट लिटरमन आणि जोसे शाइंकमन यांनी अमेरिकी सरकारी रोख्यांच्या परताव्याची अशीच फोड केली, तेव्हा वेगवेगळ्या मुदतींच्या व्याजदरांची हालचाल जवळजवळ सगळी तीनच घटकांत मावली: दर सरसकट वर-खाली होणे, रेषेचा उतार बदलणे आणि तिचा बाक बदलणे. आयगनव्हॅल्यू हा शब्द परीक्षेपुरता पाठ केलेल्याला ही गोष्ट आकड्यांचा खेळ वाटेल. ज्याने तो विषय एकदा सिद्धतांसह आणि एकदा संगणकावर, असा दोनदा केला आहे त्याला त्यात व्याजदरांची नाडी लागते. लिनियर अल्जिब्राचा दुसरा, वरच्या पातळीचा पेपर घ्यावा असा आग्रह त्यासाठी.

डिफरेन्शियल इक्वेशन्स आणि न्यूमरिकल पद्धतींबद्दल फार वाद नाही, म्हणून थोडक्यात. ब्लॅक-शोल्सचे समीकरण चलबदलानंतर उष्णतेच्या वहनाचे समीकरण होते, तेव्हा पार्शल डिफरेन्शियल इक्वेशन्सचा एक पेपर हवा. त्यातले सगळे सुंदर उकल-प्रकार पुढे कामी येत नाहीत, कारण प्रत्यक्षातली बहुतेक समीकरणे संगणकाकडूनच सोडवून घ्यावी लागतात. त्याही कामात जाण लागते. उष्णतेच्या समीकरणावर साधी पुढे-पुढे जाणारी पद्धत वापरताना अंतराची पायरी निम्मी केली तर काळाची पायरी चौथाईवर आणावी लागते, नाहीतर उत्तरे पिसाटतात. मोंटे कार्लोत चूक दहापटीने कमी करायला नमुने शंभरपट लागतात. आणि पाच शेअरांवर अवलंबून असलेल्या ऑप्शनसाठी प्रत्येक शेअरला शंभर बिंदूंची जाळी आखायची म्हटले तर बिंदू होतात एक हजार कोटी; तिथे मोंटे कार्लोच परवडते. ऑप्टिमायझेशनचा पेपर उपलब्ध असेल तर घ्यावा; आयआयटी मुंबईत शिकलेल्या नरेंद्र करमरकरांनी १९८४ मध्ये बेल लॅबमध्ये असताना लिनियर प्रोग्रॅमिंगला जी नवी वाट दिली, ती समजून घेण्याचे समाधान वेगळेच.

तिसरा आक्षेप नैतिक आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. हेच गणित घेऊन माणसांनी जग बुडवले नाही का? १९९८ मध्ये लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट ही गुंतवणूक संस्था कोसळली तेव्हा तिच्या भागीदारांत रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स होते, आदल्याच वर्षी नोबेल मिळालेले. चौदा वित्तसंस्थांनी मिळून सुमारे ३.६ अब्ज डॉलर घालून ती सावरली. २००८ च्या संकटात गृहकर्जांच्या गठ्ठ्यांची किंमत ज्या गॉसियन कोप्युलाच्या सूत्राने काढली जात होती, ते डेव्हिड ली यांनी २००० साली मांडलेले होते. मग जास्त गणित हा उपाय कसा? हा युक्तिवाद मला अर्धवट वाटतो, कारण त्या सूत्राची मर्यादा गणितातच लिहिलेली होती. गॉसियन कोप्युलात परस्परसंबंध एकापेक्षा जरा जरी कमी असला, तरी टोकाच्या प्रसंगी एक कर्ज बुडाले म्हणून दुसरेही त्याच्यासोबत बुडण्याची शक्यता शून्याकडे सरकत जाते. म्हणजे सगळी घरे एकदम स्वस्त होण्याची जी वेळ सर्वांत धोक्याची, तीच हे सूत्र जवळजवळ अशक्य मानते. झुरिकचे पॉल एम्ब्रेख्ट्स आणि त्यांचे सहकारी अलेक्झांडर मॅकनील व डॅनियल श्ट्राउमान यांनी परस्परसंबंधाच्या आकड्यावर विसंबण्यातले हे धोके १९९९ पासून लेखी मांडले होते. ते लेखन समजायला वरच्या पातळीची प्रॉबॅबिलिटी लागते. ती ज्यांना येत नव्हती त्यांच्या हाती सूत्र उरले, आणि ज्यांना येत होती त्यांतल्या अनेकांचे कोणी ऐकले नाही. लोभ आणि चुकीची बक्षिसे यांवर गणित हा उतारा नाही, हे मान्यच करायला हवे. पण अडाणीपणाने वापरलेले सूत्र आणि जाणून वापरलेले सूत्र यांत फरक आहे, आणि विषय निवडणाऱ्याच्या हातात तेवढाच फरक असतो.

या आक्षेपातून एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे: संख्याशास्त्राकडे दुय्यम म्हणून पाहू नये. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के पडला. वर्षाचा चढउतार २० टक्के धरला तर दिवसाचे प्रमाण विचलन सव्वा टक्क्याच्या आसपास येते; ही पडझड त्याच्या अठरापट होती. सामान्य वितरणाच्या हिशेबाने विश्वाच्या वयातही असा दिवस उगवू नये. पुस्तकातली सुबक घंटाकृती आणि बाजाराची खरी शेपटी यांतले हे अंतर सिद्धतेतून कळत नाही, आकडेवारी हाताळूनच कळते. रिग्रेशन आणि टाइम सिरीज असे दोन पेपर त्यासाठी.

एवढे सगळे चार वर्षांत बसवायचे तर काही सोडावेही लागेल. अ‍ॅबस्ट्रॅक्ट अल्जिब्रा, टोपॉलॉजी, नंबर थिअरी यांचे सौंदर्य मला मोलाचे वाटते. पण जागा एकच उरली असेल तर या वाटेवर ती संभाव्यतेला द्यावी. मेझर थिअरी आणि स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस पदवीतच उरकून टाकण्याची घाईही करू नये. कार्नेगी मेलनचे स्टीव्हन श्रीव्ह यांचे या विषयावरचे दोन खंड २००४ च्या सुमारास आले. पहिला खंड वर पाहिलेल्या दोन फांद्यांच्या झाडावरच पूर्ण उभा आहे, आणि दुसराही वाचकाकडून मेझर थिअरीची अपेक्षा करत नाही, कॅल्क्युलस आणि कॅल्क्युलसवर आधारलेली प्रॉबॅबिलिटी मात्र गृहीत धरतो. त्या दोन्ही पक्क्या असताना जे सहा महिन्यांत येते ते कच्च्या असताना दोन वर्षांतही येत नाही. फायनान्सचा एक ओळखीचा पेपर मात्र जरूर घ्यावा. अर्जात शोभावा म्हणून नव्हे. रोखे, वायदे, ऑप्शन यांच्या जगात आपले मन रमते का हे पैसे आणि वर्ष खर्च करण्याआधी कळावे म्हणून.

गुणांची भीती खरी आहे. कठीण पेपर घ्यायचा, त्यात श्रेणी घसरायची, आणि अर्ज वाचणाऱ्याला फक्त घसरलेली श्रेणी दिसायची, असे विद्यार्थ्याला वाटते आणि पालकांना त्याहून जास्त वाटते. यावर धीराचे शब्द देण्यापेक्षा क्रम सुचवावा हे बरे. श्रेणी बहुधा विषयाने घसरत नाही, चुकीच्या वेळी घेतल्याने घसरते. सिद्धता लिहिण्याची ओळख करून देणारा पेपर आधी न करता रिअल अ‍ॅनालिसिसमध्ये शिरणारा आणि अनेक चलांचे संकलन न येता एकत्रित वितरणांत शिरणारा, दोघेही पहिल्या चाचणीतच धापा टाकतात. कॅल्क्युलस आणि लिनियर अल्जिब्रा पहिल्या वर्षी, सिद्धता-लेखन आणि प्रॉबॅबिलिटी दुसऱ्या, अ‍ॅनालिसिस, न्यूमरिकल आणि संख्याशास्त्र तिसऱ्या, उरलेले चौथ्या, अशी उतरंड ठेवली आणि एका सत्रात सिद्धतांचे दोन जड पेपर एकत्र टाळले, तर भीतीचा बराच भाग निघून जातो.

अमेरिकी विद्यापीठांत शिकणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांना हे सगळे निवडायला मिळते. महाराष्ट्रात शिकणाऱ्यांची अडचण निराळी आहे, आणि ती दोन प्रकारची आहे. बीएस्सीला गणित घेणाऱ्याला अ‍ॅनालिसिस आणि अल्जिब्रा भरपूर मिळतात, पण आपल्याकडे संख्याशास्त्र हा वेगळा विभाग असल्यामुळे सखोल प्रॉबॅबिलिटीशी त्याची गाठ न पडताच पदवी हाती येऊ शकते. त्याने पहिल्याच वर्षी संख्याशास्त्र जोडविषय म्हणून घ्यावे. तिसऱ्या वर्षी ही चूक दुरुस्त करता येत नाही. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचे उलट. एम-वन, एम-टू, एम-थ्री या गणिताच्या पेपरांत त्याने लाप्लास, फूरिए आणि समीकरणांच्या उकली हातखंडा होईपर्यंत केलेल्या असतात, पण ‘हे का चालते’ हा प्रश्न त्याला परीक्षेत कोणी विचारलेला नसतो. त्याच्यासाठी अ‍ॅनालिसिस आणि प्रॉबॅबिलिटी बाहेरून मिळवावी लागते. आयआयटींच्या प्राध्यापकांची या विषयांवरची एनपीटीईएलची व्याख्याने मोफत आहेत, आणि त्यांची परीक्षा देऊन प्रमाणपत्रही घेता येते. नुसती व्याख्याने ऐकण्यापेक्षा दर आठवड्याची उदाहरणे स्वतः सोडवून, सिद्धता कागदावर उतरवून ती करावीत. ज्याच्या हाती पदवीचे शेवटचे सत्र आणि एकच मोकळी जागा उरली आहे, त्याने यादीत आधी सशर्त अपेक्षा शिकवणारा पेपर शोधावा, तो आधीच झाला असेल तर रिअल अ‍ॅनालिसिस घ्यावे, आणि दोन्ही झाले असतील तर लिनियर अल्जिब्राचा तो दुसरा पेपर.